गाळलेला आवाज

"हिरवं आहे," सन्मती म्हणाला आणि मोबाइल त्यानं प्रणिताच्या नाकासमोर धरला. "बघ. सगळं हिरवंगार."

प्रणितानं मान फिरवली. सहा महिने ती तो हिरवा रंग बघत होती. आता तिला तो साचलेल्या टाकीतल्या शेवाळासारखा दिसायचा. दुपारचे तीन वाजले होते. सात महिन्यांची पद्मी दूध पिता पिता झोपली होती, ओठाच्या कोपऱ्यात एक थेंब अडकला होता. घरात इतकी शांतता होती की दुसऱ्या कुठल्याही आईनं तिच्यासाठी देवाला हात जोडले असते. प्रणिताला शांततेची धास्ती वाटायची. शांतता झाली की डाव्या कानात ते सुरू व्हायचं. म्हणजे ते सुरू असायचंच, फक्त त्याला झाकायला दुसरं काही नसायचं. हुश्श. हुश्श. हुश्श. उशीच्या आत बसून कुणीतरी लाकूड कापतंय, आणि त्याचा हात बरोब्बर तिच्या नाडीच्या ठेक्यावर चालतोय.

"सन्मती, तो मोबाइल ठेव. इथं कान लाव. एकदाच." तिनं कानामागचं हाड दाखवलं.

"माझा कान?" तो हसला. हसण्यात वाईटपणा नव्हता, तेच तिला जास्त लागलं. "अगं, ती कर्णिका माझ्यापेक्षा हजारपट बारीक ऐकते. चोवीस तास तिथंच चिकटलेली आहे. तिला येत नाही ते मला काय येणार?"

"तू लाव तर."

"सहामाहीचे पेपर काढायचेत गं. तू पड थोडी. झोप नाही तुला, म्हणून होतंय हे."

प्रणिताचा नवरा सन्मती मगदूम शाळेत गणित शिकवायचा. चांगला माणूस. पद्मीची दुपटी धुवायचा, स्वयंपाक करायचा. फक्त आकडा समोर असला की त्याला माणूस दिसायचा नाही.

कर्णिका म्हणजे रुपयाएवढी चकती. सन दोन हजार एकेचाळीसपर्यंत राज्यातल्या प्रत्येक बाळंतिणीच्या कानामागं ती दिसायला लागली होती. नाळ कापली की चकती चिकटायची, ती वर्षभर काढायची नाही. कवटीच्या हाडातून ती रक्ताचा आवाज ऐकायची आणि त्या आवाजावरून रक्तदाब, रक्ताचा दाटपणा, झटक्यांचा धोका, मन खचतंय का, असं सगळं ताडायची. खोटं कशाला बोला, तिनं हजारो बायका वाचवल्या होत्या. प्रणिताच्या मावसबहिणीला बाळंतपणानंतर पाचव्या दिवशी झटके यायचे होते. आदल्या संध्याकाळी चकती लाल झाली, म्हणून आज ती दोन पोरांना ओरडायला जिवंत आहे. त्यामुळं लोकांचा विश्वास बसला. लाल म्हणजे दवाखाना, पिवळा म्हणजे फोन, हिरवा म्हणजे काही नाही. आणि काही नाही म्हणजे काहीच नाही. हळूहळू डॉक्टरांनी "काय होतंय?" हे विचारणंच सोडून दिलं. विचारायचं कशाला? दिसतंय की.

कानाच्या डॉक्टरांनी तिचा कान बघितलाच नव्हता, मोबाइल बघितला. "हिरवं आहे. जागरणानं होतं असं." त्यानंतर तिच्या नावापुढं एक ओळ उमटली: भावनिक चढउतार, सौम्य. मग रोज संध्याकाळी ती चकती आपणहून बासरी वाजवायला लागली. त्याच कानात. एकदा प्रणितानं ती नखानं उपटायचा प्रयत्न केला, तर लगेच समुपदेशकाचा फोन. "ताई, बाळाबद्दल काही वेडेवाकडे विचार येताहेत का?"

घरात आक्कांचं निदान वेगळं होतं. सासूबाईंना सगळेच आक्का म्हणायचे.

"वारं शिरलंय कानात," आक्का ठामपणे सांगायच्या. "सव्वा महिना पुरा व्हायच्या आत फडकं सोडलंस डोक्याचं. कापसाचे बोळे काढून फेकलेस. पंख्याखाली केस वाळवत बसलीस, मी बघितलं न्हाई व्हय? आता ते वारं बाहेर पडायला वाट शोधतंय."

"आक्का, वारं माझ्या नाडीबरोबर कसं वाजेल?"

"मला काय विचारतीस? वाऱ्याला विचार."

आणि ओव्याची गरम पुरचुंडी तिच्या कानाला लावून त्या तासभर बसायच्या, एका हातानं पद्मीचा पाळणा ढकलत. प्रणिताला राग यायचा आणि त्या शेकानं डोळे मिटायचे, दोन्ही एकदमच. निदान आक्का हात तरी लावत होत्या.

बाळंतपणाची रजा संपून ती कामावर रुजू झाली होती. शहराच्या पाणीपुरवठ्यात गळती शोधायचं तिचं काम. आता नळांवर ऐकणारी यंत्रं बसली होती, पण प्रणिताच्या जीपमध्ये जुनी काठी कायम असायची. ही काठी म्हणजे पोलादी सळई, वरच्या टोकाला कानाला लावायची वाटी. खालचं टोक नळावर टेकवायचं, डोळे मिटायचे, नि जमिनीखालचं पाणी काय बोलतंय ते ऐकायचं.

काठी ठेवण्यामागं एक जुनी शरम होती. तीन वर्षांपूर्वी त्या यंत्रांना तिनंच शिकवलं होतं की पंपाच्या ठेक्यात येणारा आवाज पंपाचाच, तो गाळून टाका. नियम शहाणपणाचा वाटला होता. मग एका गल्लीत चार महिने पाणी मुरलं, एका घराची भिंत खचली. तिथली भेग पंपाच्या ठेक्यातच उघडत-मिटत होती. यंत्रानं ती रोज ऐकली आणि रोज गाळली. शेवटी शिकलगारमामांनी काठी लावून शोधली. मामा चावीवाले होते; तीस वर्षं वॉर्डावॉर्डात व्हॉल्व्ह खोलून पाणी सोडत आले होते.

ऑगस्टातल्या त्या सकाळी दोघं टाकीखालच्या चेंबरपाशी उभे होते.

"मामा, तो... तो बंद करा."

"काय?"

"तो हो. तो... फिरवायचा." तिचा हात हवेत गोल फिरला. जो शब्द ती दिवसातून पन्नास वेळा उच्चारायची, तो जिभेवरून कुणीतरी पुसून टाकला होता. व्हॉल्व्ह समोर होता, लाल रंगाचा, तिनंच रंगवून घेतलेला. नाव येईना.

मामांनी पाना खाली ठेवला. "ताई, परवा पण तुमी मला 'पाना द्या' म्हणायच्या ऐवजी 'पाळणा द्या' म्हणालात. मी हसलो. आज हसू येईना. काय होतंय?"

काय होतंय! सहा महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं. प्रणिता चेंबरच्या कठड्यावर बसली आणि सगळं सांगून टाकलं.

मामांनी जीपमधून काठी आणली, टोक शर्टाला पुसपुस पुसलं. "राग मानू नका. लेकीसारख्या हाय म्हणून करतोय." चकतीच्या जरा खाली, कानामागच्या हाडावर, त्यांनी ते थंड टोक अलगद टेकवलं आणि वाटीला कान दिला. डोळे मिटले.

रस्त्यानं दूधवाला गेला. मामांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"ऐकू आलं?" तिनं विचारलं.

"न ऐकू यायला काय झालं?" मामांनी डोळे उघडले. "ताई, ही साधी गळती न्हाई. मागं त्या मंगल कार्यालयवाल्यानं चोरून मेन लाईन गटारीला जोडली होती, आठवतंय? तवा असाच आवाज आला होता. जोराचं पाणी, नको तिथं पडतंय."

प्रणिताला रडू यायला हवं होतं. आला तो संताप, पायाच्या नखापासून. सहा महिने! एक सळई लागली. एक सळई आणि एक माणूस, ज्यानं मिनिटभर डोळे मिटले.

मामा तिला तशीच मोठ्या इस्पितळात घेऊन गेले, सळईसकट. तिथल्या खिडकीवरच्या मुलीनं मोबाइल स्कॅन केला. "मॅडम, हिरवं असताना मेंदूच्या विभागात नंबर लागत नाही. सिस्टिम घेतच नाही."

"मग सिस्टिमला म्हणावं बाहेर ये, माझ्या डोक्याला कान लाव."

"मॅडम, आवाज हळू."

"माझा आवाज? माझा आवाज हळू? अगं बाई, तोच तर सगळ्यांना हळू येतोय!"

आवाजानं आतून एक पन्नाशीच्या बाई बाहेर आल्या, हातात चहाचा कप. दारावरच्या पाटीवर नाव होतं डॉ. वासंती केळुस्कर, मेंदूच्या शस्त्रक्रिया. त्यांनी आधी प्रणिताकडं बघितलं, मग मामांकडं, मग सळईकडं.

"ही कशाला आणलीय? मारायला?"

"ऐकायला," मामा म्हणाले. "तुमी ऐकलं न्हाई तर बघू."

केळुस्कर हसल्या नाहीत. त्यांनी स्टेथोस्कोप मागवला. तो सापडायला दहा मिनिटं लागली. शिकाऊ डॉक्टरांच्या खोलीत खुंटीवर लटकत होता, नळीवर धूळ. पदरानं पुसून त्यांनी तो प्रणिताच्या कानामागं ठेवला आणि डोळे मिटले. पूर्ण एक मिनिट. मग कप बाजूला ठेवला.

"बाळ केवढं?"

"सात महिन्यांचं."

"घरी फोन करा. तुम्ही आज परत जाणार नाही."

संध्याकाळपर्यंत चित्रं आली. केळुस्करांनी ती पडद्यावर लावली. सन्मती धावत आला होता, शर्टाला खडूचा डाग तसाच. चित्रात डाव्या कानामागं बारीक लाल वाहिन्यांचं जाळं होतं, कोळिष्टकासारखं.

"तुमच्याच भाषेत सांगते," केळुस्कर प्रणिताला म्हणाल्या. "हृदयाकडून येणारी धमनी म्हणजे उंच टाकीवरची मेन लाईन. जोर मोठा. ती केसाहून बारीक नळ्यांत वाटली जाते. तिथं जोर मरतो, रक्त आपलं काम करतं आणि सावकाश शिरांत उतरतं. शिरा म्हणजे उताराची गटारं. भिंती पातळ, जोर सोसायची सवय नाही. मेंदूभोवती जे जाड आवरण असतं, त्यात यातली सगळ्यांत मोठी गटारं बसवलेली आहेत. बाळंतपणात रक्त दाट होतं. तुमच्या डाव्या गटारात तेव्हा एक गुठळी अडकली असावी. शरीर नव्या वाटा उघडायला गेलं, आणि त्या गडबडीत आवरणातल्या धमन्या मधल्या बारीक नळ्या सोडून थेट शिरेला जाऊन मिळाल्या."

"गटार तुंबलेलं, त्यात मेन लाईन सोडलेली," प्रणिता म्हणाली. "म्हणजे पाणी उलटं घरात शिरणार."

"शिरतंय. मेंदूच्या पातळ शिरांमध्ये. शब्द हरवतात ते त्यामुळं. सगळ्यांचंच असं धोक्याचं नसतं. काहींना जन्मभर नुसता आवाज येतो. तुमचं उलटं वाहतंय."

"फुटायला काय लागतं?"

"काही लागत नाही. एक जोराची शिंक पुरते."

सन्मती खुर्चीवर बसला. "पण कर्णिका तर हिरवी..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

उपाय दोन होते. मनगटाच्या धमनीतून केसाएवढा धागा आत सोडायचा, बाहेरच्या चुंबकांनी यंत्र तो वळवत नेईल, आणि जोड जिथं आहे तिथं तो लाव्ह्यासारखा गोठणारा गोंद सोडेल. डोकं उघडायचं नाही, तीन दिवसांत घरी. नियोजन करणाऱ्या यंत्रानं या वाटेला यशाचे चौऱ्याण्णव टक्के दिले होते. दुसरी वाट जुनी होती. कानामागं हाडाची खिडकी कापायची, उलटी वाहणारी शीर डोळ्यांनी बघायची आणि ती जिथं आवरणातून बाहेर पडते तिथंच चाप लावून तोडायची.

"मी दुसरी सुचवतेय," केळुस्कर म्हणाल्या. "बहुतेकांना मी धागाच सुचवते. पण ही धमनी बघा. तिच्यातूनच एक फांदी चेहऱ्याच्या नसेला रक्त देते. गोंद दाण्याएवढा पुढं सरकला तर डावा चेहरा पडेल. डोळा मिटणार नाही. हसू वाकडं होईल. यंत्राच्या हिशेबात ते किरकोळ नुकसान आहे, जीव जात नाही म्हणून."

"पण डोकं उघडायचं..." सन्मती पडद्याजवळ गेला. "प्रणिता, चौऱ्याण्णव टक्के. विचार कर. यंत्र स्पष्ट सांगतंय की..."

"सन्मती!"

पूर्ण मजला ऐकेल असा तो आवाज होता. बाहेरची नर्स डोकावून गेली.

"आणखी एकदा यंत्राचं नाव काढलंस ना, तर ही सळई मी खरंच मारायला वापरेन. मी तुझ्या शेजारी झोपत होते. वीतभर अंतर होतं, सन्मती. वीतभर! मी भीक मागत होते, कान लाव म्हणून. तू फोटो बघावा तसा मला मोबाइलमध्ये बघत होतास." तिचा श्वास लागला. कानात हुश्श-हुश्श वेगानं धावायला लागलं. ती थांबली, आणि एकदम हळू आवाजात म्हणाली, "पद्मी आता माझ्या तोंडाकडं बघून हसायला शिकतेय. मी ओठ पसरले की ती पसरते. तिला अर्धं हसू शिकवू का मी? डॉक्टर, खिडकी कापा. डोकं माझं आहे."

सन्मतीनं मान खाली घातली आणि सही करायचा कागद तिच्याकडं सरकवला. पहिल्यांदाच त्यानं तो आधी स्वतः वाचला नाही.

जाग आली तेव्हा डोकं शिशाचं झालं होतं. डाव्या बाजूला पट्ट्या, घशात कोरड. प्रणिता काहीच न हलवता पडून राहिली. काहीतरी कमी होतं. खोलीतलं घड्याळ टिकटिकत होतं. कुठंतरी ट्रॉलीचं चाक कुरकुरत होतं. आणि त्यांच्यामागं काही नव्हतं. नुसती मोकळी, स्वच्छ जागा.

"चाप लावला आणि धमनीच्या रक्तानं लाल झालेली शीर बघता बघता पुन्हा निळी झाली," केळुस्कर सांगत होत्या. "वीस वर्षं बघतेय, तरी प्रत्येक वेळी छाती भरून येते. नाव सांगा बरं तुमचं. आणि ही हातात धरलीय ती वस्तू काय?"

"प्रणिता मगदूम. पेन." मग, कुणी न विचारता, "व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह, व्हॉल्व्ह, व्हॉल्व्ह."

चौथ्या दिवशी आक्का पद्मीला घेऊन आल्या. पोर डाव्या कुशीत शिरली आणि अंगठा चोखायला लागली. चुक, चुक, चुक. प्रणितानं हा आवाज त्या कानानं कधी ऐकलाच नव्हता. ती ओठ पसरून हसली, दोन्हीकडं सारखी. पद्मीही हसली, मग आईच्या डोळ्यांतून एवढं पाणी का येतंय ते निरखत बसली.

आक्का कोपऱ्यात उभ्या होत्या. "मी सहा महिने शेक दिला," त्या म्हणाल्या. "कानाला हात लावून बसले, कान न्हाई लावला. वारं, वारं करत बसले मी."

"तुम्ही निदान काहीतरी आहे असं म्हणत होता, आक्का."

कंपनीचा फोन दहाव्या दिवशी आला. बासरीसारखाच गोड आवाज. कंपनीला फार वाईट वाटतंय. असे प्रकार अत्यंत दुर्मीळ. उपचाराचा सगळा खर्च कंपनी उचलेल, फक्त एका निवेदनावर संमती हवी: 'उपकरणास संबंधित ध्वनी आढळून आला नाही.'

"आढळून आला नाही की गाळला?" प्रणितानं विचारलं.

पलीकडचा आवाज निवेदन पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला. तिनं तो मधेच तोडला.

"तुमच्या चकतीचा नियम मी सांगू? नाडीच्या ठेक्यात येणारा जादा आवाज म्हणजे चकती त्वचेला घासल्याचा आवाज. गाळा. बरोबर ना? मीही असाच नियम लिहिला होता, पाण्याच्या नळांसाठी. माझ्यामुळं एक भिंत खचली. मी तिथं जाऊन माफी मागितली आणि नियम खोडला. तुम्ही खोडणार?"

"मॅडम, तुमचा अभिप्राय आमच्यासाठी..."

"अभिप्राय नको. माझं न गाळलेलं ध्वनिमुद्रण हवंय. कायद्यानं माझं आहे ते. निवेदन तुमच्या देवघरात ठेवा."

ध्वनिमुद्रण आलं, वकिलाची दोन पत्रं गेल्यावर. त्याच आठवड्यात सगळ्या बाळंतिणींच्या मोबाइलवर कंपनीची सूचना उमटली: 'कर्णिकेची नवी आवृत्ती. नको असलेले आवाज आता आणखी कमी.' प्रणितानं ती वाचली आणि मोबाइल भिंतीवर आपटायला उचलला. पद्मी बघत होती, म्हणून खाली ठेवला. मग आपलं ध्वनिमुद्रण, केळुस्करांची चित्रं आणि ती सूचना, तिन्ही जोडून तिनं राज्याच्या आरोग्य विभागाला तक्रार लिहिली. उत्तर यायचं होतं.

आक्कांनी उत्तराची वाट बघितली नाही. केळुस्करांच्या मागं लागून त्यांनी एक स्टेथोस्कोप मिळवला, तो गळ्यात अडकवला आणि गल्लीत बाहेर पडल्या. ज्या घरी बाळंतीण, त्या घरी आक्का. "फडकं सोड गं. हां, मीच सांगतेय, सोड. कापूस काढ. इकडं कर कान. आणि तो मोबाइल उलटा ठेव आधी." तीन आठवड्यांत त्रेचाळीस घरं झाली. बेचाळीस घरांत काही नव्हतं. तिथं त्यांनी डिंकाचा लाडू खाल्ला आणि पुन्हा फडकं बांधून दिलं. त्रेचाळिसाव्या घरातून त्यांनी प्रणिताला फोन केला. एकोणीस वर्षांची पोरगी, तीन महिन्यांचं बाळ.

"प्रणिता, येतंय गं इथं. हुश्श, हुश्श. मोबाइल बघितला. हिरवाच हाय मेला."

"आक्का, तिथंच थांबा. मी केळुस्करांना घेऊन येते."

या सगळ्या धावपळीत सन्मती मुकाट्यानं पद्मीला सांभाळत होता. त्या रविवारी दुपारी पोर झोपल्यावर तो प्रणिताजवळ आला. तिच्या कानामागं केसांची खुंटं उगवत होती, त्यातून टाक्यांची रेघ दिसायची. तो वाकला, कान तिथं टेकवायला.

तिनं डोकं मागं घेतलं.

"आता तिथं काही नाही, सन्मती."

"मग मी काय करू? सांग. काहीही सांग."

तिनं कपाटातून हेडफोन काढला आणि त्याच्या हातात दिला. "न गाळलेलं मुद्रण आहे. दोनशे अकरा दिवसांचं. फेब्रुवारीत आवाज सुरू झाला तिथून लाव, आधीचं नंतर. हाडातून घेतलंय, त्यामुळं माझा आवाज मोठा येईल, तुझा लांबून. कान देऊन ऐकावं लागेल."

"किती तास?"

"तू गणिताचा मास्तर आहेस."

त्याच्या ओठांनी गुणाकार केला. पाच हजार चौसष्ट. तो टेबलापाशी बसला, हेडफोन लावला.

प्रणिता पद्मीशेजारी आडवी झाली. डाव्या कुशीवर. सन्मतीची पाठ तिला दिसत होती. तासाभरानं ती पाठ वाकली. आणखी तासाभरानं त्यानं दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरला. विहिरीच्या तळातून यावा तसा त्याचाच आवाज त्याला ऐकू येत असणार: हिरवं आहे गं. झोप तू. पेपर आहेत. आणि त्या सगळ्याच्या मागं, एकही ठेका न चुकवता, हुश्श, हुश्श, हुश्श.

ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा त्यानं हेडफोन काढला. चेहरा ओला होता.

"प्रणिता... मी असा बोलत होतो तुझ्याशी?"

तिनं पद्मीच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं.

"ऐक पुढं," ती म्हणाली. "अजून फेब्रुवारीतला एक दिवससुद्धा संपला नाही."